स्क्रीन बंद नाही

इस्पितळातल्या कुठल्याही फोनवर नऊ दाबलं की त्या बोलायच्या, म्हणून साऱ्या इस्पितळाने त्यांचं नाव नऊताई पाडलं होतं. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. पगाराच्या पावतीवर वेगळं नाव होतं. पण ती पावती आपल्याला वाचता येत नाही, तेव्हा त्या नावाच्या बाईशी आपली फारशी ओळख नाही, असं नऊताई म्हणायच्या आणि स्वतःच मोठ्याने हसायच्या.

त्या जन्मापासून आंधळ्या. ‘दृष्टिहीन’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. “आंधळी म्हणा की. तीन अक्षरांत भागतंय तर चौथं कशाला खर्च करता?” असं त्या विचारायच्या, आणि समोरचा ओशाळला की त्यांना बरं वाटायचं.

इस्पितळाच्या जिन्याखालच्या अरुंद खोलीत टेलिफोनच्या बोर्डासमोर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. कुठला डॉक्टर कुठे चहा पीत बसला असेल, हे त्यांना ठाऊक असायचं. रडत फोन करणाऱ्याला त्या आधी दम घ्यायला लावायच्या आणि मगच वॉर्डाला जोडून द्यायच्या. मग यंत्र आलं. बाहेरून फोन आला की कुणी एक गोड गळ्याची बाई ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ म्हणू लागली. नऊताईंना काढून टाकता येत नव्हतं, म्हणून त्यांना त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, मुक्या झालेल्या बोर्डासमोर बसवून ठेवलं. पगार चालू, काम बंद.

दुसरं कुणी असतं तर डुलक्या काढत निवृत्तीची वाट पाहिली असती. नऊताईंना राग आला, आणि त्यांचा राग कधी फुकट जात नसे.

“मला रिकामं बसवलंय,” त्या घरी जेवताना म्हणाल्या, “पण मी काही रिकामी झालेली नाही.”

“आराम कर की जरा,” दादा म्हणाला.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. एका बांधकाम कचेरीत नकाशे काढून नुकताच घरी बसलेला. नऊताई त्याच्याकडेच राहायच्या. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी, म्हणजे नऊताईंची भाची. भाची चष्म्याच्या दुकानात कामाला होती. “घरातलं एक गिऱ्हाईक तुझं कायमचं हातचं गेलं गं,” असं आत्या तिला चिडवायची. भाचीला मोबाइलवर गेम खेळायचा नाद. रात्रंदिवस कानाशी धाडधाड गोळीबार.

“काय करतेस गं इतका वेळ?” नऊताईंनी एकदा विचारलं.

“शत्रूला शोधते.”

“कसा शोधतेस?”

“कसा म्हणजे? दिसतो की.”

“दिसतो तर मग त्यात शोधायचं काय?”

भाची पुन्हा गोळीबाराकडे वळली. नऊताईंच्या डोक्यात मात्र तो प्रश्न जाऊन बसला. लहानपणी गल्लीतली मुलं आंधळी कोशिंबीर खेळायची, तेव्हा हिला बाजूला बसवायची. हिच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यात अर्थ नाही आणि हिला पकडायला सांगितलं तर ही एका दमात सगळ्यांना पकडते, म्हणून. ज्या एका खेळात त्या जिंकल्या असत्या, नेमका तोच त्यांना खेळू दिला नव्हता. हे त्या विसरल्या होत्या असं त्यांना वाटत होतं. विसरल्या नव्हत्या.

इस्पितळातल्या त्यांच्या संगणकाला स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवायची सोय होती. त्याच्याच जोरावर त्या प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. रोज सकाळी डबा टेबलावर ठेवायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि संगणकाच्या त्या भरभर, नाकातल्या आवाजाशी भांडत बसायचं. पहिलं वर्षभर तर सगळं चुकतच होतं. संगणक ‘चूक, चूक’ म्हणायचा आणि नऊताई “तुझी चूक” म्हणायच्या. बाहेरून जाणाऱ्या परिचारिकांना वाटायचं, ताईंचं डोकं फिरलं.

हळूहळू त्यातून एक गेम उभा राहिला. नाव ठेवलं ‘कानोसा’. त्यात चित्र औषधालाही नाही. स्क्रीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळी. कानाला हेडफोन लावायचे आणि कळा दाबत एका मोठ्या जुन्या इमारतीत वाट काढायची. इमारतीत आणखी एक माणूस आहे. तो तुमच्यापासून लपतोय, आणि त्याला गाठायचं आहे ते त्याच्या आवाजावरून. पंखा कुठे फिरतोय, दार कुठे करकरलं, श्वास कुठे अडखळला, एवढ्यावरून. तुम्ही घाई केलीत तर तुमचीच पावलं वाजतात आणि तो निसटतो.

सगळे आवाज नऊताईंनी स्वतः गोळा केले. इस्पितळाचे जिने, घरातला फ्रिज, शेजारच्या बंद घराचं कुलूप. लपणाऱ्या माणसाची पावलं दादाची होती. त्याला न सांगताच त्यांनी ती टिपून घेतली होती. डाव्या पायाची चप्पल जराशी घासत चालायची त्याला सवय.

गेम झाल्यावर पहिल्यांदा दादालाच बसवला. दादाने हेडफोन लावले, थोडा वेळ कळा बडवल्या आणि तो वैतागला.

“हे काय! टीव्ही बंद करून सिनेमा बघितल्यासारखं वाटतंय. आणि हा कोण फताड्या पायाचा माणूस फिरतोय?”

स्वयंपाकघरात वहिनी पोट धरून हसत होत्या. “अहो, तुम्हीच आहात ते!”

दादाने पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, “मी असा चालतो?” आणि त्या दिवसापासून तो घरात पाय उचलून चालू लागला, अर्थात विसरेपर्यंतच.

दूरच्या एका मोठ्या शहरात दरवर्षी व्हिडिओ गेमचं प्रदर्शन भरायचं. सगळ्या मोठमोठ्या कंपन्या तिथे येत, आणि सभागृहाच्या एका कोपऱ्यात एकट्यादुकट्याने, कुणाच्या आधाराशिवाय गेम बनवणाऱ्यांनाही जागा मिळे. त्या कोपऱ्यासाठी भाचीने ‘कानोसा’ पाठवला आणि तो निवडला गेला. घरात आनंद झाला, तो दादाने तोंड उघडेपर्यंत टिकला.

“तू कशाला जातेस? हिला पाठव एकटीला. तिथे ही गर्दी. धक्काबुक्की होईल, कुठे पडशीलबिडशील.”

“पडले तर उठेन.”

“अगं, पण लोक काय म्हणतील?”

“तेच ऐकायला चाललेय,” नऊताई म्हणाल्या. वहिनींनी मध्ये पडून दादाला गप्प केलं आणि दोघींच्या बॅगा भरून दिल्या.

प्रदर्शनाचं सभागृह म्हणजे आवाजांचा डोंब होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि नऊताई क्षणभर थांबल्याच. डावीकडे तोफा, उजवीकडे ढोलासारखं संगीत, वरून कुणीतरी माइकवर किंचाळतंय, आणि खाली पायाखालचा गालिचा दर चार पावलांवर बदलतोय. मोठ्या कंपन्यांच्या दुकानात मऊ, लुसलुशीत. त्यांच्या कोपऱ्याकडे येईपर्यंत तो पार कागदासारखा पातळ झाला. “आलो वाटतं आपल्या लायकीच्या जागेवर,” त्या भाचीला म्हणाल्या.

एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्क्रीन. आणि शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, मोटारींच्या शर्यतीचा खेळ. त्यात खरीखुरी सीट हलत होती, इंजिन गुरगुरत होतं, आणि कुणी जिंकलं की भोंगा वाजत होता. ‘कानोसा’त श्वास ऐकायचा, आणि इथे माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

लोक यायचे आणि जायचे. नऊताई त्यांची वाक्यं ऐकत होत्या.

“हे बंद आहे वाटतं.”

“स्क्रीन गेली यांची.”

“बंद नाही,” नऊताई प्रत्येकाला सांगत. “बसा, खेळा.” पण तोवर तो माणूस पुढे गेलेला असायचा. जे बसले त्यांनी हेडफोन लावले, भोंगा ऐकला, कसंनुसं हसून “छान आहे” म्हटलं आणि उठले. त्या ‘छान’ची नऊताईंना शिसारी यायला लागली.

थोड्या वेळाने एक संयोजक आला. तरुण होता, आवाजात घाई आणि गोडवा सारखाच मिसळलेला.

“मॅडम, स्क्रीन काळी दिसते ना, त्यामुळे स्टॉल बंद वाटतो. आम्ही काय करतो, तुमचेच फोटो लावतो त्यावर. एकामागून एक. तुम्ही काम करताना, काठी घेऊन चालताना. लोक थांबतील.”

“फोटो बघायला थांबतील. गेम कोण खेळणार?”

“पण मॅडम, तुमची गोष्टच इतकी प्रेरणादायी आहे. पाटीवर लिहिलंच आहे आम्ही.”

“कसली पाटी?”

संयोजक एक पाऊल मागे सरकला. भाचीही. नऊताईंनी टेबलाच्या पुढच्या अंगाला हात फिरवला. पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा हाताला लागला.

“वाच,” त्या भाचीला म्हणाल्या.

“राहू दे ना आत्या.”

“वाच म्हणते ना.”

भाचीने खालच्या आवाजात वाचलं. “अंधारावर मात. दृष्टिहीन भगिनीची प्रेरणादायी जिद्द.”

“गेमचं नाव?”

“ते... खाली बारीक अक्षरात आहे.”

संयोजक काहीतरी पुटपुटत निघून गेला. नऊताईंनी पुठ्ठ्याच्या कडेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “यांना कुणी सांगितलं? गेम पाठवताना मी तुला बजावलं होतं.”

“त्यांचा फोन आला होता,” भाची रडवेली झाली. “ते म्हणाले, चित्रच नाही तर आम्ही घेणार नाही. म्हणून मी सांगितलं की आत्याला दिसत नाही. मग लगेच हो म्हणाले. नाहीतर निवडलंच नसतं गं.”

“नसतं निवडलं तर घरी बसले असते. ताठ मानेने बसले असते.”

“आणि कुणी खेळलं असतं? तू, मी आणि बाबा?”

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. नऊताई खुर्चीत बसून राहिल्या. भोंगा वाजला, कुणीतरी शर्यत जिंकलं. त्यांनी पाटी उपटली, उलटी केली आणि भाचीपुढे धरली.

“मागची बाजू कोरी आहे ना? लिही. मोठ्या अक्षरात लिही. ‘इथे तुम्ही हरणार.’”

“आत्या!”

“आणि खाली लिही, ‘स्क्रीन बंद नाही.’”

भाचीने नाक पुसत लिहिलं. लिहिता लिहिता तिला हसू फुटलं, आणि तिथेच दोघींचं भांडण मिटलं.

आता प्रश्न उरला भोंग्याचा. नऊताई काठी घेऊन उठल्या आणि स्टॉलच्या मागच्या कापडी भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टिचकी वाजवली. दोन पावलं सरकून पुन्हा वाजवली.

“याच्या मागे काय आहे गं? इथे आवाज मरतोय.”

भाचीने कापड बाजूला सारून पाहिलं. मागे एक लांबट खोली होती. उरलेल्या गालिच्यांच्या गुंडाळ्या तिथे छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या, आणि कडेला रिकामी खोकी. तीन बाजूंनी गालिचे. आत पाय टाकला की बाहेरचा गलका कुणी उशीखाली दाबावा तसा दबून जात होता.

“उचल टेबल,” नऊताई म्हणाल्या.

“परवानगी नाही आपल्याला.”

“मागितली तर नाही म्हणतील. मग कशाला मागायची? उचल.”

दोघींनी टेबल आत ओढलं. स्क्रीन बाहेरच राहू दिली. तिचं काम तसंही नव्हतं. पाटी कापडाला टाचली, बाण काढला, आणि नऊताई आत खुर्चीवर बसल्या.

‘इथे तुम्ही हरणार’ वाचून पहिला आला तो पुठ्ठ्याचं चिलखत घालून आलेला एक जवान. तिथे बरेच जण आपल्या आवडत्या गेममधल्या पात्रांचे पोशाख करून हिंडत होते. याच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं. ते काढल्याशिवाय हेडफोन बसेना, आणि काढायला भाचीला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. तो बसला. काही वेळातच हरला.

“पुन्हा,” तो म्हणाला.

पुन्हा हरला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा त्याने आपणहून डोळे मिटून घेतले, असं भाचीने आत्याच्या कानात सांगितलं. या वेळी तो खूप वेळ गप्प होता. मग एकदम ओरडला, “माझ्या मागे आहे! हा माझ्या मागेच होता सगळा वेळ!” आणि खुर्चीवरून उठून त्याने खरोखर मागे वळून पाहिलं.

नऊताई खदखदून हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसू आलं नव्हतं. तो जवान बाहेर जाऊन चारचौघांना सांगत सुटला, आणि संध्याकाळपर्यंत कापडाबाहेर रांग लागली. शर्यतीच्या स्टॉलवरची पोरं, ज्यांचा भोंगा होता तीच, आपली पाळी कधी येते म्हणून विचारायला आली. नऊताई दर हरणाऱ्याला दारापर्यंत पोचवून म्हणायच्या, “वाईट वाटून घेऊ नका. जिद्द ठेवा. तुम्ही प्रेरणादायी आहात.” भाची तोंडावर हात दाबून हसायची.

संयोजक पुन्हा आला. जागा सोडायला सांगायला आला होता, पण रांग बघून त्याचा स्वर बदलला. “मॅडम, हे नियमात बसत नाही.”

“मग नियम जरा मोठा शिवून घ्या,” नऊताई म्हणाल्या. “रांगेत उभे राहणार आहात का?”

तो राहिला नाही. मात्र जागाही त्याने सोडायला लावली नाही.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. दुसऱ्यांचे गेम विकत घेऊन बाजारात आणण्याचा त्यांचा धंदा होता. ते मन लावून खेळले, हरले, आणि खुश झाले. आवाजावरून मनमोकळा माणूस वाटत होता.

“आम्ही घेतो तुमचा गेम. फक्त थोडंसं चित्र घालू या. फार नाही, धूसर. भिंतींच्या कडा दिसतील एवढंच. नाहीतर लोक घाबरतात हो.”

“घाबरू देत. त्यासाठीच केलाय.”

“विचार करा, ताई. एवढी चांगली संधी आहे. एवढ्यासाठी अडून बसता?”

“तुम्ही पोहायचं तळं विकत घेताय आणि म्हणताय, फक्त पाणी तेवढं काढू या,” नऊताई म्हणाल्या. “मग उरेल तो खड्डा. तो तुम्हाला कुठेही मिळेल.”

गृहस्थ हसले, त्यांनी आपलं कार्ड भाचीकडे दिलं आणि गेले. भाची दिवसभर त्या कार्डाकडे बघत होती. नऊताईंनी त्या माणसाला कधीच फोन केला नाही. पुढे त्यांनी ‘कानोसा’ स्वतःच लोकांपुढे आणला, काळाच्या काळा. पण ती पुढची गोष्ट.

त्याच संध्याकाळी बक्षिसं होती. सगळ्यांना मोठ्या मंचासमोर बसवलं होतं. उत्तम चित्र, उत्तम संगीत, उत्तम कथा अशी नावं पुकारली जात होती. ‘उत्तम आवाज’ हे बक्षीस आलं तेव्हा भाचीने आत्याचा हात घट्ट धरला. ते शर्यतीच्या खेळाला गेलं, भोंग्यासकट.

“जाऊ दे,” नऊताई म्हणाल्या. त्यांना खरंच फारसं काही वाटलं नव्हतं.

मग माइकवरच्या बाईंचा आवाज एकदम हळवा झाला. मागे संथ संगीत सुरू झालं. “आणि आता एक विशेष सन्मान. जिने अंधारावर मात केली अशा आपल्या एका भगिनीचा. प्रेरणा पुरस्कार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले, खुर्च्या सरकल्या. कुणीतरी येऊन नऊताईंचा दंड धरला आणि त्यांना पायऱ्यांवरून जवळजवळ उचलूनच वर नेलं. हातात काचेचं काहीतरी जड दिलं. टाळ्या थांबेनात.

“दोन शब्द बोला, ताई,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी माइक पुढे केला.

नऊताई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

“परीक्षक कुठे बसलेत?” त्यांनी विचारलं.

“इथेच, समोर. पहिल्या रांगेत.”

“मला त्यांना एक विचारायचं आहे. माझा गेम तुमच्यापैकी कुणी कुणी खेळला?”

पहिल्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला.

“तुम्ही आला होतात, मला आठवतंय. तुम्ही माझ्याबरोबर फोटो काढलात. माझा हात हातात घेतलात. खुर्चीवर कुणी बसलं नाही. आता कुणी न बघता बक्षीस दिलं, तर तुम्ही म्हणाल हा आंधळा कारभार आहे.” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. “पण आंधळ्यांचा कारभार असा नसतो. मी तरी हात लावून बघितल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाही.”

संगीत अजून वाजतच होतं. कुणालातरी ते बंद करायचं सुचलं.

“मी अंधारावर मात वगैरे काही केलेली नाही. अंधाराशी माझं भांडणच नाही. मी एक गेम केलाय. तो चांगला असेल तर चांगला म्हणा, भिकार असेल तर तोंडावर भिकार म्हणा. पण आधी खेळा. हे इथे ठेवते. खेळून झाल्यावर द्यावंसं वाटलं तर घेऊन या.”

त्यांनी खाली वाकून ती काच मंचाच्या फळीवर ठेवली, नीट, पडणार नाही अशी. मग दंड धरायला आलेल्या माणसाला त्या म्हणाल्या, “हात नको, काठी द्या,” आणि पायऱ्या चाचपत एकट्या खाली आल्या. थोड्या टाळ्या पडल्या, त्यात पुठ्ठ्यावर पुठ्ठा आपटल्यासारखा एक आवाज होता. “उद्धट आहे बाई,” कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं.

मुक्कामाच्या खोलीवर पोचायच्या आत दादाचा फोन आला. तो घरी बसून सगळं थेट बघत होता.

“काय हे? भर सभेत? बक्षीस घेऊन गप्प बसता येत नव्हतं तुला?”

“येत होतं. बसले नाही.”

“इतकी माणसं उभी राहिली होती तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी नव्हती रे राहिली, दादा. माझ्या जागी कुणीही असतं तरी राहिली असती.”

दादाच्या मागून वहिनींचा आवाज आला, “तिला म्हणावं, बरोबर केलंस.” दादाने तो निरोप सांगितला नाही, पण फोन इतका जवळ होता की सांगायची गरजही पडली नाही. “जेवलीस का?” एवढंच त्याने विचारलं.

शेवटच्या दिवशी सकाळी दोघी जरा धास्तावूनच गेल्या. गालिच्याची खोली काढून घेतली असेल असं भाचीला वाटत होतं. खोली होती. आणि दारात एक बाई उभ्या होत्या.

“मी परीक्षकांपैकी एक,” त्या म्हणाल्या. आवाज कोरडा, वयस्कर, साखर अजिबात नाही. “खेळायला आले आहे.”

त्या बसल्या. नऊताई शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. बाई हरल्या, पुन्हा खेळल्या, पुन्हा हरल्या. बाहेर रांग वाढत होती. भाचीने लोकांना दोनदा थांबायला सांगितलं. शेवटी बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“पहिला मजला उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या अंगावर काटा आला. दुसराही बरा. तिसरा रटाळ आहे.”

“रटाळ?” नऊताईंचा आवाज चढला.

“रटाळ. तिथे तो गळका नळ आहे ना, त्याचे थेंब ठरावीक अंतराने पडतात. थोड्या वेळाने कानाला कळतं की हा खरा नळ नाही. मग माणूस खोटा वाटतो, इमारत खोटी वाटते, भीती जाते. मी नंतर नुसत्या कळा दाबत होते.”

“तो नळ मी स्वतः टिपलाय! आमच्या वॉर्डातला आहे!”

“टिपला असेल. पण एकदाच टिपून तोच पुन्हा पुन्हा वाजवताय.”

नऊताई भांडल्या. आवाज किती जागा खातो, संगणक कसा अडतो, हे सगळं त्यांनी सांगितलं. बाईंनी एकही मुद्दा सोडला नाही. दोघींचे आवाज इतके चढले की रांगेतला एकजण कापड सारून आत डोकावला. मग नऊताई अचानक थांबल्या. त्यांनी स्वतः हेडफोन लावले, तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि मान कलती करून ऐकत राहिल्या. टप. टप. टप.

“खरंय,” त्या म्हणाल्या. “घड्याळ झालंय त्याचं.”

“काल तुम्ही म्हणालात ते पटलं मला,” बाई उठत म्हणाल्या. “आम्ही खेळायला हवं होतं. पण आज खेळल्यावरसुद्धा बक्षीस मी देणार नाही. तिसऱ्या मजल्यासाठी तर नाहीच.”

“नकोच आहे,” नऊताई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की भाची बघतच राहिली.

बाई गेल्यावर भाचीने विचारलं, “आत्या, ती तुझा गेम रटाळ म्हणून गेली आणि तू हसतेस काय?”

“अगं, तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकून माझ्या गेमचं बरंवाईट सांगितलं.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “कीबोर्ड दे इकडे.”

“आत्ता? बाहेर रांग आहे!”

“असू दे. थेंबांमधलं अंतर दरवेळी बदलायचं आहे, कधी लवकर, कधी उशिरा. फार काम नाही.” त्यांची बोटं चालू लागली, आणि संगणक त्याच्या नाकातल्या आवाजात भरभर वाचू लागला.

भाची कापडाबाहेर गेली. “थोडा वेळ लागेल,” तिने रांगेला सांगितलं.

“का? बंद आहे का?” कुणीतरी विचारलं.

आतून नऊताईंचा आवाज आला. खणखणीत, जिन्याखालच्या खोलीतून साऱ्या इस्पितळाला ऐकू जायचा तसा.

“बंद नाही! नळ दुरुस्त करतेय. थांबायचं तर थांबा, नाहीतर शेजारी मोटारी आहेत!”

रांग हलली नाही.